शिलकी रेशीम

उतारवयात माणसाने काय सोडावे याविषयी आपल्या धर्मग्रंथांत विपुल मार्गदर्शन आहे; परंतु त्याच वयात त्याने नव्याने काय धरावे याविषयी ते बहुतांशी मौन पाळतात, आणि त्या मौनाचा अर्थ जो तो आपापल्या सोयीने लावतो. महसूल खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले नाना आणि त्यांच्या वडील भगिनी अक्का यांच्यात मध्यंतरी जो वाद झाला त्याचे मूळ याच ठिकाणी होते. निमित्त तेवढे पुण्याच्या रविवार पेठेतून अक्कांनी आणलेल्या रेशमाच्या लडींचे.

नाना : रागावू नकोस अक्का, पण तुझ्या ट्रंकेची एकदा रुजुवात पाहायला हवी. लोकर आहे, मॅटी आहे, क्रोशाच्या सुया आहेत, जलरंगांच्या नळ्या आहेत आणि वारलीचा नाद लागला तेव्हाचा गेरूही आहे. जमेची बाजू पानोपान भरलेली, आणि खर्ची काय पडले म्हणशील तर दीड अभ्रा! हे सारे संपवायचे तर दुसरा जन्म मागून घ्यावा लागेल.

अक्का : त्यातला निम्मा दोरा मोतीबिंदू काढण्यापूर्वीचा आहे, हे तुझ्या हिशेबात आलेच नाही. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. पण हे इतक्या सावकाश घडते की ज्याचे त्याला कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर मी ट्रंक उघडली, तर एकाच हिरव्याच्या म्हणून एकत्र बांधून ठेवलेल्या लडींत एक पोपटी निघाली, एक शेवाळी, आणि तिसरी तर चक्क मोरपंखी. मग नव्या डोळ्यांनी नवा दोरा निवडला, तो लोभ झाला का?

नाना : ती दुरुस्ती झाली, तिला माझी हरकत नाही. हरकत आहे ती साधनांची बेगमी म्हणजेच साधना, असे मानण्याला. रवींद्रनाथ साठी उलटल्यावर चित्रांकडे वळले, आणि १९३० साली पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले तेव्हा ते जवळजवळ ६९ वर्षांचे होते. पण त्या चित्रांचा उगम पाहशील तर हस्तलिखितातल्या खोडलेल्या शब्दांत. खाडाखोडीच्या रेघा एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पशुपक्षी उभे राहिले. इंग्लंडातल्या मेरी डिलेनीबाईंनी १७७२ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, रंगीत कागद कातरून फुले करायला आरंभ केला, आणि दृष्टी साथ देईनाशी होईपर्यंत जवळजवळ हजार फुले केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिची सामग्री काय, तर कागद, कात्री आणि खळ.

अक्का : तिची हकीकत तूच मला वाचून दाखवली होतीस. मेजावर तांबडा कागद पडला होता, शेजारी जिरेनियमचे फूल होते, आणि दोहोंचा रंग एक दिसला म्हणून तिने पाकळी कातरली. म्हणजे कागद आधीच घरात होता! फूल पाहून तो आणायला ती बाजारात निघाली असती, तर ते साम्य तिला दिसलेच नसते.

आपल्याच दप्तरातला कागद प्रतिपक्षाने पुरावा म्हणून दाखल करावा तशी नानांची अवस्था झाली असावी, कारण ते काही वेळ बोलले नाहीत.

अक्का : आणि त्या दीड अभ्र्याचे म्हणशील, तर लग्नापासून साठीपर्यंत मी जे जे विणले, काढले, शिवले, ते सारे मुदतीत पुरे केले, कारण ते कुणाचे तरी होते. बाळ यायच्या आत कुंची हवी, थंडीच्या आत स्वेटर हवा, आणि नणंदेचे रुखवत तर मुहूर्ताच्या आदल्या रात्रीपर्यंत चालले होते. त्यात आनंद नव्हता असे नाही. पण तो तगाद्याखालचा आनंद. आता सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर वेगळे करावेत, सुईत ओवावेत, पानाच्या सावलीकडे एक छटा गडद घ्यावी, आणि मन भरले की फूल तसेच सोडून द्यावे, ही मुखत्यारी मला या वयात प्रथमच मिळाली आहे.

नाना : ती मुखत्यारी मला मंजूर. पण काम करून अपुरे सोडणे निराळे, आणि धीर होत नाही म्हणून हातच न लावणे निराळे. जलरंगांच्या निम्म्या नळ्यांची बुचे तू अद्याप उघडलेली नाहीस. कोऱ्या कागदापुढे हात कचरला म्हणून तू भारी कागद आणलास. तो भारी म्हणून हात अधिक कचरला. आणि तो संकोच झाकायला कशिद्याचा दोरा आला.

अक्का : हे खोटे नाही. नातवंडांसमोर पहिली रेघ वाकडी काढायची लाज वाटते रे.

नाना : आणि तुझ्या पश्चात ही ट्रंक उपसायची कुणी? सूनबाईला नोकरीतून उसंत नाही; तुझ्या अक्षरातली चिठ्ठी लावलेले एकेक पुडके टाकवणार नाही आणि ठेवायला जागा नाही, अशी तिची कोंडी होईल. आनंद तुझा, आणि त्याचा खर्च तू तिच्या खात्यावर टाकतेस.

अक्का : (थोड्या वेळाने) एवढे मात्र मी कबूल करते. लोकरीला कसर लागली आहे, ती टाकते. गेरू शेजारच्या मुलांना देते. आणि माझ्या मागे यातले काहीही कुणालाही द्यावे किंवा टाकावे, त्याला माझी संमती आहे, असे लिहून ठेवते. पण नवा दोरा आणणार नाही असे वचन मात्र मागू नकोस.

नानांनी ते मागितले नाही. माझ्या मते नानांचे दोन मुद्दे बिनतोड होते: न उघडलेल्या नळ्यांचा आणि सुनेच्या खात्याचा, बाकी अपरिग्रहाचा दाखला देऊन म्हाताऱ्या माणसाच्या हातातली लडी काढून घेण्याचा अधिकार कुणाला पोचतो असे मला वाटत नाही. पहिल्यावर तोडगा म्हणून अक्कांनी महागाचा कागद आधी नातवंडांना रंगवायला द्यावा. दुसऱ्यावरचा तोडगा त्यांनी स्वतःच काढला आहे. तेव्हा ज्यांच्या पलंगाखाली अशी ट्रंक असेल त्यांनी तेवढी संमती लिहून ठेवावी, घरच्यांना ती वाचून दाखवावी, आणि मग खुशाल रविवार पेठेत जावे.