पातेलं भरलेलं असताना



या वेळचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या परिवारातल्या काही घरांत, मग ते बडोद्याचं असो, इंदूरचं असो की बेळगावचं, मुलं हल्ली एक प्रश्न विचारतात आणि आई-वडिलांना चटकन उत्तर सुचत नाही. प्रश्न असा: "खेळाचं नवं पुस्तक येतंय. आत्ताच पैसे भरले तर सोबत खास फासे मिळतील. तारीख गेली की ते परत कधीच मिळणार नाहीत. भरू का?" हे फासे हातात धरायचे नव्हेत, मोबाईलच्या पडद्यावरचे. पुस्तकही पडद्यावरचंच. "असल्या चित्रांसाठी पैसे?" असं म्हणून आपण विषय मिटवतो. मूल गप्प बसतं, पण त्याचं समाधान होत नाही.

आम्हाला वाटतं, या छोट्या प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. जे कितीही वाटलं तरी संपत नाही, ते मुद्दाम अडवून ठेवणं योग्य आहे का? आणि ते मिळवायला आपण धावावं का?

आधी खेळ समजून घेऊ. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेतला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली तो बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. संकट आलं की काय करायचं ते पात्र ठरवतं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. फासे म्हटलं की आपल्याला द्यूत आठवतं आणि घरातली मोठी माणसं दचकतात. पण इथे पैजही नाही आणि एकमेकांना हरवणंही नाही. सगळे मिळून संकटातून वाट काढतात. बहुतेक वेळा सगळी पात्रं पहिल्या पायरीवरून सुरुवात करतात, मग खेळणाऱ्याचे वडील कारखानदार असोत की कारकून. एका अर्थी ही पंगतच आहे.

या खेळाचे पहिले फक्त १,००० संच निघाले. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि खोकी हातानेच भरलेली. ते संपले तेव्हा खरोखरच संपले. ज्याला मिळाला नाही त्याला वाईट वाटलं असेल, पण त्याच्यापासून कुणी काही लपवून ठेवलं नव्हतं. कागद तेवढाच होता.

आता ही पुस्तकं 'डी अँड डी बियाँड'सारख्या ठिकाणी पडद्यावर मिळतात. आगाऊ नोंदणी करणाऱ्याला त्यासोबत कधी रंगीत फासे, कधी नावाच्या चित्राभोवतीची चौकट, कधी पात्राच्या पानामागचं सुंदर चित्र दिलं जातं. या वस्तूंना कागद लागत नाही, शाई लागत नाही. एकदा चित्र तयार झालं की ते दहा जणांना द्या नाहीतर दहा लाख जणांना, जवळजवळ तेवढाच खर्च. म्हणजे पातेलं भरलेलं आहे आणि कितीही वाढलं तरी ते रिकामं होणार नाही. तरीही फळ्यावर लिहिलंय, 'अमुक तारखेनंतर मिळणार नाही'.

आपल्याकडे महाप्रसादाला एकामागून एक पंगती उठतात. समजा, पहिल्या पंगतीला लाडू वाढले आणि दुसरी बसल्यावर वाढपी म्हणाला, "लाडू फक्त पहिल्या पंगतीला होते." लाडू संपले असतील तर कुणी तक्रार करणार नाही, आमटी-भात आनंदाने जेवतील. पण भरलेलं पातेलं समोर दिसत असताना तो असं म्हणाला तर? तर दुसऱ्या पंगतीला लाडू न मिळाल्याचं दुःख कमी आणि अपमान जास्त वाटेल. पहिल्या पंगतीत ज्याने लाडू खाल्ला, त्याच्याही मनात एक नको ती चव उतरेल: मला मिळाला, यांना नाही.

यावर कुणी म्हणेल, "अहो, ते दुकान आहे, मंदिर नव्हे." अगदी बरोबर. म्हणून दुकानदाराची बाजूही नीट पाहायला हवी. सकाळी भाजीवाली बोहनीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी करते, वर कोथिंबिरीच्या चार काड्या घालते. मराठी प्रकाशक मोठा ग्रंथ काढायचा म्हणजे प्रकाशनपूर्व सवलत देतात. ज्याने पुस्तक न पाहता विश्वासाने पैसे दिले, त्याच्या पैशातून कागद येतो, छपाई होते. त्याला किंमत कमी पडली तर तो त्याचा हक्कच आहे. किकस्टार्टर २००९ मध्ये सुरू झालं, तेही याच तत्त्वावर. लहान कलाकार आपली कल्पना मांडतो, लोक आधी पैशाचा शब्द देतात, आणि ठरलेली रक्कम जमली तरच पैसे घेतले जातात. टेबलावरच्या खेळांची कितीतरी पुस्तकं अशी जन्माला आली आहेत. आधी येणाऱ्याचे आभार मानण्यात काहीच गैर नाही.

मग बोचतं कुठे? आम्हाला वाटतं, आधी येणाऱ्याला द्यायचे तीन प्रकार आहेत आणि ते वेगवेगळे ओळखायला हवेत.

पहिला प्रकार सवलतीचा. आधी येणाऱ्याला दहा रुपये कमी पडले. नंतर येणाऱ्याला पुस्तक तेच मिळतं, एक पानही कमी नाही.

दुसरा प्रकार आधी मिळण्याचा. २०२४ साली या खेळाचं नवं 'प्लेयर्स हँडबुक' आलं, ३८४ पानांचं. डी अँड डी बियाँडवर आगाऊ नोंदणी केलेल्या वरच्या दर्जाच्या वर्गणीदारांना ते ३ सप्टेंबरला उघडलं, त्याखालच्या दर्जाच्या वर्गणीदारांना १० सप्टेंबरला आणि बाकी सगळ्यांना १७ सप्टेंबरला. पुस्तक एकच, तारखा तीन. चौदा दिवस थांबावं लागलं, पण शेवटी सगळे सारखे झाले. वाट पाहणं ही तशी वाईट सवय नव्हे.

तिसरा प्रकार 'फक्त तुम्हालाच, पुन्हा कुणालाही नाही' हा. इथे आधी येणाऱ्याला जे मिळतं, त्याची अर्धी किंमत दुसऱ्याला ते कधीच न मिळण्यात असते. सवलतीत एकाला दिलं जातं आणि दुसऱ्याचं काही जात नाही. या तिसऱ्या प्रकारात दुसऱ्याला वगळणं हाच मालाचा भाग असतो. आमचा आक्षेप आहे तो एवढ्यावरच.

पतंजलींच्या पाच यमांमध्ये अपरिग्रह आहे. आपण त्याचा अर्थ साधारणपणे साठा करू नये असा घेतो. जास्तीच्या साड्या, जास्तीची भांडी. पण पडद्यावरच्या फाशांना कपाटात जागा लागत नाही, मग तिथे परिग्रह कसला? तो मनात असतो. 'माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही' ही जाणीव जपून ठेवणं हाही एक साठाच, आणि तो घर आवरताना सापडत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी दर रविवारी पाच मुलं हा खेळ खेळतात. त्यातल्या एका मुलीने आगाऊ नोंदणी करून लाल-सोनेरी फासे मिळवले. ते पडद्यावर फिरतात तेव्हा खरंच सुरेख दिसतात. शेजारच्या मुलाने विचारलं, "मला कुठे मिळतील?" ती सहज म्हणाली, "आता नाही मिळत कुणाला." त्यानंतर दोन-तीन रविवार त्याचं लक्ष गोष्टीत लागेना. त्याचं पात्र तेच होतं, शौर्य तेच होतं, फाशावर पडणारे आकडेही कुणाच्या हातात नव्हते. पण आपण नंतर आलेले आहोत, हे त्याला दर वेळी दिसत होतं. शेवटी मुलीच्याच ते लक्षात आलं. तिने घरातली एक स्टीलची वाटी आणली, त्यात खरे फासे टाकले आणि सांगितलं, टेबलावर सगळ्यांनी यातलेच टाकायचे. कुणी तिला शिकवलं नव्हतं. पाच जणांची पंगत मोडतेय, एवढं तिला दिसलं.

फासे किती क्षुल्लक वस्तू, असं वाटेल. पण मनाला वळण क्षुल्लक वस्तूंतच लागतं. आज फासे, उद्या शाळेतला बूट, परवा सोसायटीचं फाटक. 'मला हवं' आणि 'त्याला नको' यातला फरक ज्या मुलाला फाशांत कळला, त्याला तो पुढेही कळेल.

म्हणून मुलाने विचारलं तर थेट नाही म्हणू नये आणि थेट पैसेही देऊ नयेत. त्याच्याशी बसून तीन प्रश्न बोलावेत.

एक, सोबतचं काही मिळणार नसतं, तरी हे पुस्तक तू घेतलं असतंस का? उत्तर 'हो' असेल तर बरं आहे. 'नाही' असेल तर आपण पुस्तक घेत नसून तारखेची भीती विकत घेतोय. आपण कैरीसुद्धा हातात घेऊन, वास घेऊन घेतो. न पाहिलेल्या पुस्तकासाठी आठ दिवस थांबून, ज्यांनी वाचलं त्यांना विचारून घेतलं तर बिघडलं कुठे?

दोन, हे खरंच तुझं होणार आहे का? पडद्यावरच्या वस्तूंची आपल्याला बहुधा मालकी मिळत नाही, वापरायची परवानगी मिळते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की अशी वस्तू विकताना 'ही परवानगी आहे' असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. 'कायमचं' आणि 'पुन्हा कधीच नाही' हे शब्द ऐकताना एवढं ध्यानात असावं.

तीन, आणि हा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा, उद्या हेच फासे सगळ्यांना फुकट मिळाले, तर तुला वाईट वाटेल का? मूल म्हणालं, "नाही, मला ते आवडतातच," तर त्याला खरोखर फासे आवडलेत. परवडत असेल तर घेऊ द्यावेत, रंगाची आवड हा काही दोष नाही. पण त्याचा चेहरा पडला तर त्याला रागावू नका. आपण नक्की काय घेत होतो, ते त्याला त्या क्षणी आपोआप दिसेल. हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारावा. मर्यादित आवृत्तीची पैठणी घेताना, 'फक्त निवडक ग्राहकांसाठी' असा निरोप आल्यावर, अगदी सत्संगात पुढची जागा धरतानाही.

पातेलं उघडताही येतं, हेही मुलांना सांगावं. २०२३ च्या जानेवारीत याच खेळाच्या परवान्याचे नियम कडक होणार, अशी चिन्हं दिसली तेव्हा खेळणाऱ्यांनी मोठा विरोध केला. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा मजकूर 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. आज कुणीही तो वाचू शकतं, त्यावर स्वतःची गोष्ट रचू शकतं, ती विकूही शकतं. पहिला आला काय आणि शेवटचा आला काय. त्याने खेळ बंद पडला नाही.

विकणाऱ्याने काय करावं, ते आपल्या हातात नाही. पण विकत घेतल्यावर काय करावं, ते आहे. या खेळात वरच्या दर्जाच्या वर्गणीदाराला स्वतः घेतलेली पुस्तकं आपल्या खेळातल्या साथीदारांना वाचायला उघडून देता येतात. सजावट मात्र ज्याच्या त्याच्या खात्याला बांधलेली. तेव्हा घरात पैसे द्यायचेच असतील तर जे पाच जणांत वाटता येईल त्याला आधी द्यावेत, जे एकट्यालाच मिरवता येईल त्याला नंतर. मुलांना हा हिशेब पटतो, कारण पंगतीत वाढायला त्यांनाही आवडतं.

आपल्या घरी यावर काय बोलणं झालं, ते ग्रुपवर जरूर लिहा. मुलांनी दिलेली उत्तरं आम्हाला आधी वाचायची आहेत.