जुना पत्रा कोणाला द्यायचा?

मांडवगण फराट्याच्या भीमाकाठी ऊसपट्ट्यातला एक जुना गोठा. त्यावरचे सिमेंटचे पत्रे काढून रंगीत लोखंडी पत्रे टाकायचे ठरले, तर चुलत्या-पुतणीत काय बोलणे होईल, त्याचा हा कल्पित संवाद. पुतणी रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुरक्षेचे काम पाहते.

नाना : उद्या पत्रे उतरवतो. ऊसतोडीच्या टोळीतलं एक जोडपं कोपीवर टाकायला मागतंय. न्या म्हटलं, फुकट.

पुतणी : नाना, देऊ नका. त्या सिमेंटात ॲस्बेस्टॉस आहे. त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले की तिथंच रुतून बसतात. कर्करोग वर यायला वीस ते चाळीस वर्षं लागतात.

नाना : माझं अर्धं आयुष्य त्याखाली धारा काढण्यात गेलं. मला काय झालं?

पुतणी : अख्खा पत्रा वर आहे तोवर धोका कमी. फुटला, कापला, छिद्रं पाडली की धूळ उडते. तुम्ही तो एकदाच बसवलात. ते दर हंगामाला उतरवणार, गाडीत लादणार, दुसऱ्या फडावर पुन्हा ठोकणार. लेकरं तिथंच खेळणार.

नाना : आज त्यांच्या कोपीवर काय आहे? पाचट आणि फाटकी ताडपत्री. अवकाळी आला की तीच लेकरं रात्रभर भिजतात. तुझा कर्करोग तीस वर्षांनी, तोही झाला तर. भिजणं आजचं. यातलं मोठं दुःख कोणतं, ते तू ठरवणार?

पुतणी : त्यांनीच ठरवावं. पण त्यांना हे माहीत तर हवं.

नाना : सगळं सांगतो. तरी नेतीलच.

पुतणी : नेतील, कारण दुसरं काही मिळणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. असा होकार घेऊन आपण मोकळे होतो का?

नाना : अगं, दुकानात नवा पत्रा आजही मिळतो. साठाहून जास्त देशांनी बंदी घातली, आणि आपण रशिया-कझाकस्तानातून तंतू आणून पत्रे बनवतो. विकणारा कायद्यात बसतो आणि फुकट देणारा मी पापी?

पुतणी : कायदा अर्ध्यावर थांबलाय. सर्वोच्च न्यायालयानं 27 जानेवारी 1995 ला कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी किमान 40 वर्षं ठेवायला सांगितल्या, कारण आजार उशिरा येतो. पण कारखान्याबाहेर पडलेल्या पत्र्याखाली कोण झोपतं, त्याची नोंद कोण ठेवतो?

नाना : मग नाही देत. शेतात गाडतो.

पुतणी : हा खनिजाचा तंतू, कुजत नाही. पुढं कोणीतरी तिथं रोटाव्हेटर घालेल. रस्त्याच्या खड्ड्यात टाकलात तर उसाच्या ट्रॉल्या त्याचा भुगा करतील.

नाना : मग न्यायचा कुठं?

पुतणी : आपल्याच तालुक्यात, रांजणगावला, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारा प्रकल्प आहे.

नाना : तो कारखान्यांचा माल घेतो. माझ्या चार पत्र्यांना कोण विचारतो?

पुतणी : एकट्याला नाही विचारणार. गावानं मागितलं तर उत्तर तरी द्यावं लागेल. पोलंडनं 1997 ला बंदीचा कायदा केला आणि देशातलं सगळं ॲस्बेस्टॉस काढायला 2032 पर्यंतची मुदत ठरवली. उतरवण्याआधी ठेवायची जागा ठरवावी लागते.

नाना : म्हणजे उद्याचं काम थांबवू?

पुतणी : जागा ठरेपर्यंत थांबवा. उतरवाल तेव्हा पाणी मारून, बोल्ट सोडवून, न फोडता, जाड प्लास्टिकात गुंडाळून. हातोडा आणि कटर नको.

नाना : आणि पावसातली ती लेकरं? त्यांनीही जागा ठरायची वाट बघायची?

पुतणी : नाही. आणलेल्या रंगीत पत्र्यांतले त्यांना द्या.

नाना : विकतचे?

पुतणी : नकोसं झालेलं देताना खिशाला काहीच झळ लागत नव्हती, नाना.

नाना : लागू दे. त्यांच्या कोपीपुरते देतो. पण मी दिले म्हणून गावातले बाकीचे पत्रे कुठं जाणार? ग्रामसभेत विषय घे. कोणाच्या घरावर, गोठ्यावर किती पत्रे आहेत याची यादी करा, प्रकल्पाला गावाच्या नावानं पत्र लिहा. खर्च पंचायतीनं आणि ऐपत असलेल्यांनी उचलायचा. आणि ठरावात पहिलं वाक्य हे घाला : आपल्या डोक्यावरून काढलेला जुना पत्रा गरिबाच्या डोक्यावर ठेवायचा नाही.