चित्राला धक्का न लावता

सीसीटीव्हीच्या डीव्हीआरच्या डिस्कमधून काढलेली रॉ फाइल एमपी४ करून देताना मी गिऱ्हाइकाला एक वाक्य हमखास ऐकवतो: "चित्राला मी धक्का लावलेला नाही." वाक्य खरं आहे. कॅमेऱ्याने कॉम्प्रेस केलेलं चित्र मी उलगडत नाही, पुन्हा कॉम्प्रेसही करत नाही. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरला नुसतं 'कॉपी' सांगतो. तरीही हे वाक्य मला इतकं का आवडतं, हा प्रश्न अलीकडे मनात येतो. एखादं वाक्य उच्चारताच आपण निर्धास्त होत असू, तर ते आपल्याला कशापासून वाचवतं हे पाहायला हवं.

हे वाक्य मला वेळेच्या हिशेबापासून वाचवतं.

एच.२६४ या कॉम्प्रेशन पद्धतीची रॉ फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली की ००, ००, ००, ०१ अशी खूण दिसते, तिच्यामागे एक तुकडा, मग पुन्हा तीच खूण. सुरुवातीचे एसपीएस आणि पीपीएस हे दोन छोटे तुकडे चित्राचा आकार आणि ते उलगडण्याची रीत सांगतात. कोणतं चित्र कधी दाखवायचं, याचा मात्र बहुतेक वेळा पत्ताच नसतो. एसपीएसमध्ये फ्रेमच्या वेगाची नोंद करायला जागा आहे, पण ती भरणं सक्तीचं नाही, आणि भरलेली असली तरी खरी असेलच असं नाही.

एमपी४ मध्ये वेळेचा रकाना कोरा ठेवून चालत नाही. तिथे खुणा निघून जातात, प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी येते, एसपीएस-पीपीएस वेगळे काढून 'मूव' नावाच्या कप्प्यात ठेवले जातात. त्याच कप्प्यात 'एसटीटीएस' हा तक्ता असतो: कोणती फ्रेम किती वेळ. सेकंदाचे ९०,००० भाग धरले आणि वेग २५ फ्रेमचा मानला, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ३,६०० भाग येतात. वेग एकसारखा असेल तर सगळा तक्ता एका ओळीत आटोपतो. कॅमेऱ्याने न सांगितलेली ती ओळ मी भरतो.

मी काहीच सांगितलं नाही, तर एफएफएमपेग २५ धरून चालतो. कॅमेऱ्याने सेकंदाला १५ फ्रेम टिपल्या असतील, तर एका मिनिटाच्या ९०० फ्रेम ३६ सेकंदांत संपतात. बेताने निघालेली दुचाकी भरधाव दिसते. सावकाश चाललेला माणूस घाईत असल्यासारखा वाटतो, आणि घाईत असलेला माणूस पाहणाऱ्याला लगेच संशयित वाटू लागतो. एकाही पिक्सेलला धक्का लागलेला नसतो. फाइल मोबाइलवर छान चालते, गिऱ्हाईक खूश होतं, गंगेत घोडं न्हातं.

म्हणून मी चित्रावर उमटलेलं घड्याळ बघतो. सेकंदाचा आकडा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत किती फ्रेम गेल्या, ते मोजतो. दिवसा १५ भरतात. अंधार पडला की काही कॅमेरे शटर जास्त वेळ उघडं ठेवतात आणि वेग उतरतो. मग एक आकडा सगळ्या फाइलला लावणं चुकीचंच. प्रत्येक फ्रेमची वेळ वेगळी लिहावी लागते. काम किचकट आहे, पण येतं. कौशल्याचा प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो मोजणं कुठे थांबवतो याचा. पैसे देणाऱ्याला सोयीचा आकडा आला की माझं समाधान लवकर होतं. गैरसोयीचा आला की "आणखी चार ठिकाणी मोजून बघू" असं वाटतं. या दुसऱ्या मोजणीला मी काटेकोरपणा म्हणतो. पण काटेकोरपणा एकाच दिशेने जागा होत असेल, तर तो पक्षपातच. यात कोणी लाच दिलेली नसते की दम भरलेला नसतो. समोर बसलेला माणूस भला असतो, त्याचं नुकसान झालेलं असतं, एवढं पुरतं.

अशी फाइल पुढे कोर्टात जाते, म्हणून जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा. उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीत आला की नंतर, हा वाद होता, आणि पुराव्यात निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण होतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला: मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू झालं. त्याच्या प्रमाणपत्रात हॅशही, म्हणजे फाइलचा अंकी ठसाही, लिहावा लागतो.

रॉ फाइलचा हॅश आणि एमपी४ चा हॅश जुळत नाहीत. जुळणारही नाहीत, कारण वेष्टन बदललं. म्हणून मी दोन्ही लिहितो आणि मूळ फाइल जपून ठेवतो. पण हॅश एवढंच सांगतो की तो काढल्यानंतर फाइल बदललेली नाही. आतला वेग खरा आहे की नाही, ते तो सांगत नाही. चुकीचा वेगही हॅशच्या मोहोरेखाली तितकाच अभंग राहतो.

मग मी टीप जोडू लागलो: टाइमस्केल, नाममात्र फ्रेम रेट, अनुमानाची पद्धत. वाचताना माझं मलाच कळलं की ही टीप कोणाला काही कळावं म्हणून नाही, उद्या कोणी विचारलं तर "लिहिलं होतं की" म्हणता यावं म्हणून आहे. न्यायाधीश, फौजदार, समोरचा आरोपी यांपैकी कोणालाही ती उमगणार नव्हती.

आता मी साधं लिहितो. "या फाइलचा वेग चित्रावरच्या घड्याळावरून ठरवला आहे. ते घड्याळ बरोबर होतं का, हे तपासलेलं नाही. यावरून गाडीचा वेग काढू नये." गिऱ्हाईक कुरकुरतं: "एवढं कशाला? समोरचा वकील तेच धरून बसेल." बसू दे. फी मला एका बाजूने मिळते. ही तीन वाक्यं दुसऱ्या बाजूची आहेत.