फोटो पुरे, आता विळा धरा

5 जूनला टेकडीवर झाडून सगळे होतात. टी-शर्ट एकसारखे, फलक भलामोठा, रोप एक आणि त्याला धरणारे हात आठ. आता दिवाळी उलटली. आहात कुठे?

पुण्यात पाऊस साधारण 10 जूनच्या पुढे येतो, हे माहीत नव्हतं? होतं. तरी कोरड्या मुरमात रोपं कोंबलीत. पर्यावरण दिनाचा फोटो चुकायला नको ना!

परवा त्यातलं एक वाळकं रोप उपटून पाहिलं. मुळांना काळी पिशवी तशीच. मुळं आतल्या आत गोल फिरून गुंडाळलेली. पिशवीला ब्लेडचा एक काप द्यायचा, तोही जड झाला? आणि रोप कसलं, तर गुलमोहर! मादागास्करचा! नाव काय तुमच्या गटाचं? देशी वृक्ष संवर्धन. "देणगीत आली सर, नाही कसं म्हणणार?" तोंडाने म्हणायचं.

तुम्ही अडाणी असतात तर मी शब्दाने बोललो नसतो. पण मोईची साल, धावड्याचं पान तुम्ही लांबून ओळखता. खर्पुडीच्या जातींची शास्त्रीय नावं तोंडपाठ. मग पिवळ्या कॉसमॉसमध्ये उभं राहून "रानफुलांचा बहर" लिहून फोटो कुणी टाकले? मेक्सिकोकडचं तण ते. बी धरायच्या आत उपटायचं होतं. तुम्ही त्याच्यासोबत सेल्फी काढलीत. बी पडलं, आता पुढच्या वर्षी निस्तरा.

घाणेरी उपटलीत म्हणून शाबासकी हवी? पिकल्या फळांसकट ढीग पायवाटेवर टाकून चहाला गेलात. बुलबुलांनी फळं खाल्ली, बी टेकडीभर झालं. याला संवर्धन म्हणायचं की पेरणी?

आणि मोकळा माळ दिसला की खड्डा खणायची खाज कुठून येते? गवत म्हणजे रिकामी जागा वाटते तुम्हाला? खर्पुडी त्याच गवतात उगवते. कासचं पठार 2012 साली जागतिक वारशात गेलं, ते काय गर्द सावलीमुळे? हे तिथे पाहुण्यांना तुम्हीच रंगवून सांगत होतात. घरच्या टेकडीवर आलात की विसरलात. कळतं पण वळत नाही, दुसरं काय!

कारणं मात्र तयार. "वन खातं साथ देत नाही." वनरक्षकाला शेवटचे कधी भेटलात? "लोक वणवे लावतात." लावतात. मग जाळरेषा कोण काढणार? गवत आत्ता वाळतंय. मार्चमध्ये टेकडी जळाली की हळहळीची लांबलचक पोस्ट लिहायला वेळ मिळतो, डिसेंबरात गवत कापायला मिळत नाही? "नोकरी आहे, सर." नोकरी जूनमध्ये नव्हती?

रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं. एप्रिलच्या दुपारी एक कॅन खांद्यावर चढवून पाहा, मग लावलेल्या झाडांचे आकडे सांगा. किती जगली, ते विचारलं की माना खाली का जातात?

आता ऐका. रविवारी सकाळी 6 वाजता विळे-कुदळी घेऊन यायचं. वनरक्षकाला आधी कळवायचं, मग जाळरेषा. जगलेल्या प्रत्येक रोपाला आळं. फेब्रुवारीपासून पाण्याच्या पाळ्या, कागदावर, नावानिशी. मे महिन्यात पळसाच्या पापड्या गोळा करायच्या आणि लगेच पेरायच्या. त्या वर्षभर कपाटात टिकत नाहीत.

ज्याला जमणार नाही, त्याने आजच सांगावं. मला राग येणार नाही. फक्त त्याने उद्यापासून स्वतःला संवर्धक म्हणवून घेऊ नये.