७ कोटी ३० लाखांत एक

१९९९ साली इंग्लंडमध्ये सॅली क्लार्कला आपल्या दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. अशा कुटुंबात दोन बाळं अचानक नैसर्गिकरीत्या दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, अशी तज्ज्ञाची साक्ष होती. ८,५४३चा सरळ वर्ग. जणू सख्ख्या भावांचा एकमेकांशी काही संबंधच नाही! पण गुणाकार बरोबर धरला तरी आईनं दोन बाळं मारणं तरी किती दुर्मीळ? बेझच्या पद्धतीत ही पूर्वशक्यता आधी मांडावीच लागते. अनेक विश्लेषकांना ती व्यक्तिनिष्ठ, म्हणून नकोशी वाटते. मला ती न मांडणं अप्रामाणिक वाटतं. प्रत्येक ज्युरर मनात काहीतरी धरूनच बसतो. ते तपासायचं कुणी? २००३मध्ये सॅली सुटली, तीही मुख्यतः दडून राहिलेल्या वैद्यकीय अहवालामुळे. २००७मध्ये ती वारली.