मृगयेची तयारी

मृगयेचे नाव निघाले की आपल्याकडील श्रद्धाळू मनुष्य कानांवर हात ठेवतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा प्रश्न व्यवहारातून जवळजवळ उठला आहे. त्यामुळे त्याचा विचार करण्याचा प्रसंगही आपणांवर येत नाही. परंतु आपली मुलेबाळे आता दूरदेशी नांदत आहेत. तेथील एखादा सुशिक्षित, सुस्वभावी शेजारी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास रजा काढून अलास्काच्या अरण्यात शिकारीस जातो आणि परतल्यावर मांसाचा वाटा प्रेमाने पुढे करतो. अशा सज्जनास पापी म्हणावे काय, हा प्रश्न मग आपल्याही घरात येतो.

आम्हांस वाटते, त्याचे उत्तर बंदुकीच्या बारात न शोधता त्या आधीच्या तयारीत शोधावे. कर्माच्या आधी संकल्प असतो, हे तर आपण प्रत्येक पूजेच्या आरंभी हातावर पाणी घेऊन मान्य करीत असतो.

अलास्काच्या बहुतेक भूभागास रस्ताच नाही. लहानसे विमान एखाद्या सरोवरावर किंवा नदीकाठच्या वाळूवर उतरते, शिकाऱ्यांस सोडते आणि ठरल्या दिवशी न्यावयास येते. हवा बिघडली तर तो ठरला दिवस कित्येक दिवस पुढे जातो. म्हणून शिधा अधिक बांधावा लागतो. ‘सुपर कब’ जातीच्या विमानात वैमानिकाखेरीज एकच उतारू मावतो. सामानाबरोबर माणसासही काट्यावर उभे करतात. (आपल्या यात्रेकरूंच्या बोचक्यांना असा काटा लावला, तर निम्मी यात्रा घरीच राहील!) तंबू, चाकू, मांस भरण्याच्या हवा खेळत्या कापडी पिशव्या, यांतील प्रत्येक वस्तू ‘ही हवीच काय?’ या प्रश्नातून पार पडलेली असते.

ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मूस हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. मोठा नर ७२५ किलोपर्यंत भरतो. त्यातून खाण्याजोगे मांस सुमारे २२५ किलो निघते. पाठीवर एका खेपेस ३५ किलो धरले, तरी दलदल तुडवीत, अस्वलांच्या मुलखातून सहा-सात खेपा झाल्या. म्हणून तळापासून मैल-दीड मैलापलीकडे दिसलेल्या नराकडे जाणता शिकारी नुसता पाहत राहतो. कितीही सुंदर असला तरी तो आपल्या पाठीस झेपणारा नाही, हे त्याने घरी बसूनच ठरविलेले असते. कायदाही त्याच्या मागे उभा आहे. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा तेथे तुरुंगवासास पात्र असा गुन्हा आहे. मांस राहिले आणि शिंगे आधी हलविली, असे चालत नाही. विमानाने रानात उतरल्या दिवशी मूसवर गोळी झाडता येत नाही, दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे तीन वाजेपर्यंत थांबावे लागते. पुष्कळ भागांत शिंगांचा विस्तार ५० इंच आहे, किंवा कपाळालगतचे फाटे नेमलेल्या संख्येइतके आहेत, याची खात्री केल्याविना बोट चापावर जाता कामा नये. शरयूच्या काठी रात्री घागर भरल्याचा आवाज हत्तीचा मानून बाण सोडणाऱ्या दशरथास असा कोणी थांबविणारा असता, तर श्रावणबाळाची कथा निराळी झाली असती.

एवढ्याने मृगया धर्म्य ठरते काय? मनूने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेस पहिले स्थान दिले आहे, आणि ते अकारण नव्हे. युकॉन व कोयुकुक नद्यांच्या काठचे कोयुकॉन लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगत आले. प्राण्यास आत्मा आहे असे ते मानतात आणि त्याच्याविषयी फुशारकीने बोलणे निषिद्ध समजतात. विमानाने येणारा पाहुणा मात्र भुकेने आलेला नसतो. त्याच्या खर्चात बाजारातून कितीतरी पट मांस आले असते. त्यास हवा असतो तो अनुभव, आणि अनुभवासाठी जीव घेणे आम्हांस रुचत नाही.

परंतु न्यायासनावर बसण्यापूर्वी आपल्याही ताटाकडे पाहावे. पतंजलींनी हिंसा केलेली, करविलेली आणि अनुमोदिलेली, अशी तिन्ही प्रकारची एकाच सूत्रात घातली आहे. आमच्या किनाऱ्यावर श्रावण किंवा सोमवार वगळला तर मासळीवाचून घास न उतरणारी देवभक्त घरे थोडी नाहीत. ती मासळी जाळ्यात कशी तडफडली, तिच्याबरोबर आलेले किती जीव परत समुद्रात फेकले गेले, हे आपण विचारीत नाही. महाभारतातील धर्मव्याधाने कौशिक ब्राह्मणास दाखवून दिले की नांगराखालीही असंख्य जीव मरतात. म्हणजे शाकाहाऱ्यासही पूर्ण सुटका नाही. आपण घेतलेल्या जीवाचा भार स्वतःच्या पाठीवर वाहणारा तो शिकारी या बाबतीत आपणांहून अधिक प्रामाणिक आहे, असे आमचे मत झाले आहे.

तरीही एका ठिकाणी आमचे पाऊल अडते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मूसचा माजाचा काळ सुरू होतो. पुष्कळ ठिकाणी शिकारीचा हंगाम त्याच सुमारास संपत येतो. पण त्या शेवटच्या दिवसांत शिकारी ओंजळीतून किंवा भूर्जाच्या सालीच्या कर्ण्यातून मादीची साद घालतो, वाळलेले फऱ्याचे हाड झुडपांवर घासून प्रतिस्पर्धी नराचा भास निर्माण करतो, आणि खरा नर त्या हाकेला ओ देत उघड्यावर येतो. येथे किंदम ऋषी आठवतात. मृगरूपाने रममाण असता पंडूच्या बाणांनी ते विद्ध झाले, तेव्हा राजाने मृगया हा क्षत्रियाचा धर्म म्हणून सांगितला. किंदमांनी तो वाद वाढविला नाही. मारल्याबद्दल आपण दोष देत नाही, परंतु या घटकेस थांबण्याइतकी दया तुझ्याजवळ नसावी काय, एवढीच त्यांची तक्रार होती. आणि शाप पंडूस लागला तो त्या तक्रारीपोटी. गोव्यात जून-जुलैचे ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारी बंद असते, ती मासळीच्या विणीसाठी. हेतू अर्थात पुढल्या वर्षीच्या जाळ्याचा आहे, तरी थांबणे घडते.

अलास्काचा कायदा शिंगांचे इंच मोजतो, घड्याळ पाहतो, मांसाचा हिशेब घेतो. त्या खोट्या सादेस तो हात लावीत नाही. भूर्जाचा कर्णा वजनाला अगदी हलका असतो, काट्यावर तो कोणी अडवीत नाही. विमानात चढण्यापूर्वी तो पिशवीत घालावा की घरी खुंटीवर ठेवावा, हे त्या सज्जनाने स्वतःच ठरवावयाचे असते.