आरसा, द्वारपाल आणि चौकट

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत वृत्तपत्र सुरू केले, तेव्हा त्याला 'दर्पण' असे नाव दिले. वृत्तपत्र हा समाजाचा आरसा, असे आपण आजही सहज म्हणतो. परंतु आरसा निवड करीत नाही. वृत्तपत्र मात्र निवडीवाचून निघूच शकत नाही.

म्हणूनच माध्यमांच्या अभ्यासकांना आरशाखेरीज आणखी दोन शब्दांची गरज भासली. पहिला 'द्वारपाल'. डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० साली अमेरिकेतील एका दैनिकाच्या वृत्तसंपादकाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेने आलेल्या आठवड्याभराच्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश त्याने बाजूला सारला होता. त्यामागे जागेची अडचण होती, तशीच त्याची स्वतःची आवडनिवडही होती.

दुसरा शब्द 'चौकट'. तो आम्हा सीमाभागातील मराठी माणसांना समजावून सांगावा लागत नाही. १ नोव्हेंबर हा दिवस एका भाषेच्या पत्रात राज्योत्सव असतो, तर दुसऱ्या भाषेच्या पत्रात काळा दिवस. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' आहे. आम्ही 'बेळगाव' लिहितो. बातमीचा पहिला शब्द उमटतो, तोच बाजू ठरून गेलेली असते.

मग सत्य असे काही उरतच नाही काय? आम्हांला तसे वाटत नाही. दिवसाला काय म्हणावे, यावर दोन मते संभवतात. मोर्चात लाठी चालली की नाही, यावर नाही. चौकट ज्याची त्याची असेल, वस्तुस्थिती सर्वांची असते. चौकट नसणे म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे, कारण तसे कोणालाच जमणार नाही. आपल्या चौकटीला गैरसोयीची ठरणारी वस्तुस्थितीही छापणे, हाच त्याचा खरा अर्थ.

आणि हे कर्तव्य एकट्या संपादकाचे नाही. न आवडणारी बातमी ओलांडून पुढे जाणारे आपणही द्वारपालच आहोत, आणि संपादक आपली नजर ओळखून असतो. आपल्या दुःखाची बातमी शेजाऱ्याच्या पत्रात दोन ओळींत आटोपली, तर आपण व्यथित होतो. त्याचे दुःख आपल्या पत्रात मुळीच आले नाही, तर ते आपल्या ध्यानात तरी येते काय?